खातूनबीची भिंत

यज्ञेश्वरभटांना राग आला की तो अख्ख्या बोळाला कळायचा. नाशकात गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, गर्दीत संकल्प सांगून सांगून कमावलेला आवाज तो. घरात पुटपुटले तरी कोपऱ्यावरच्या आडावर ऐकू जाई. त्या वर्षी भाद्रपदात त्यांचा सगळा राग मागच्या अंगणातल्या भिंतीवर होता.

भिंत त्यांची नव्हती. भद्रकालीच्या देवळामागे जिथे ब्राह्मणांची घरं संपतात आणि मुसलमानांची सुरू होतात, तिथलं शेवटचं घर यज्ञेश्वरभटांचं, आणि त्याला पाठ लावून असलेलं घर खातूनबीचं. खातूनबी म्हातारी, विधवा, पडद्यात राहणारी. तिचा मुलगा जमील नाशिकरोड स्टेशनावर टांगा चालवायचा. त्यांच्या घराची मागची भिंत सरळ भटजींच्या अंगणात उघडी पडलेली. आणि अंगण म्हणजे भटजींचं पोट होतं हो! गंगेवर श्राद्ध करायला परगावाहून यजमान येत, ते भटजींकडेच उतरत, आणि जेवायला बसत ते ह्याच अंगणात, त्या भिंतीकडे तोंड करून.

भिंतीचं ध्यान काय सांगावं! गिलावा केव्हाच गळून गेलेला, आतल्या कच्च्या विटा उघड्या, मधोमध हात जाईल एवढी भेग, आणि त्या भेगेतून वर आलेला मनगटाएवढा पिंपळ. पावसाळ्यात तिच्यावरून लाल चिखलाचे ओघळ यायचे आणि थेट पंगतीच्या जागेपर्यंत पोचायचे.

"लाज म्हणून नाही लोकांना!" भटजी अंगणात उभे राहून म्हणत. "आपलं दळिद्र दुसऱ्याच्या दारात मांडून ठेवायचं आणि आपण आत खुशाल बसायचं!"

"अहो, हळू. पलीकडे माणसं आहेत," गोदावरीबाई आतून म्हणत.

"आहेत ना? मग ऐकू देत की!"

ऐकू तर जातच होतं. पण पलीकडून कधी चकार शब्द आला नाही, आणि भटजींना तो उद्धटपणाच वाटायचा.

तर त्या भाद्रपदात अमरावतीकडचे देशमुख आले, वडिलांच्या श्राद्धाला. मोठं घर. देशमुख ज्या भटाकडे उतरतील त्याच्याकडेच त्यांच्या गावची बाकीची पन्नास घरं उतरणार, अशी रीत. भटजींनी काही म्हणता काही कमी पडू दिलं नाही. ब्राह्मणांची पंगत उठली, यजमान बसले, गोदावरीबाई दुसऱ्यांदा खीर वाढायला वाकल्या, आणि भिंतीतून मातीचं एक ढेकूळ सुटलं ते बरोब्बर देशमुखांच्या द्रोणात. खीर उडाली ती त्यांच्या उपरण्यावर.

देशमुख ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी द्रोण हळूच बाजूला सारला. "गुरुजी, पुढच्या खेपेला आमची सोय दुसरीकडे झाली तर बघा," ते म्हणाले. "बायकांना जरा किळस येते."

भटजी त्या दिवशी जेवले नाहीत. देशमुखांना टांग्यात बसवून परत आले ते तडक दौत-टाक घेऊन बसले, आणि नगरपालिकेला अर्ज लिहिला. अक्षर मोत्यासारखं आणि शब्द मिरचीसारखे. शेजारील इसम जमील व त्याची आई यांना वारंवार सांगूनही ते भिंतीची दुरुस्ती करीत नाहीत, सबब लोकांच्या जिवास धोका आहे, वगैरे वगैरे. वारंवार सांगूनही! इतकी वर्षं अंगणात उभं राहून भिंतीवर डाफरलो, हेच भटजींच्या हिशेबी सांगणं होतं. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही.

चौथ्या दिवशी सायकलवरून ओव्हरसिअर आले. डोक्यावर सोला हॅट, हातात फीत. भिंत बघून त्यांनी जिभेने चक्‌ केलं आणि घरमालकाला बोलावणं पाठवलं. जमील स्टेशनावरून तसाच आला. अंगणाला बोळाकडून एक दार आहे, त्या दाराच्या बाहेर येऊन थांबला.

"तिथे काय उभा राहिलास? आत ये," ओव्हरसिअर म्हणाले.

जमीलने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो भटजींकडे बघत होता. "भटजी, आत येऊ?" त्याने विचारलं.

आणि भटजींना एकदम आठवलं. हाच माणूस, ह्याच दारात, ह्याच शब्दांत!

चार वर्षांपूर्वीचा चैत्र. जमील हातात कोयती घेऊन दारात उभा होता. "भटजी, भिंतीत पिंपळ उगवलाय. बोटाएवढाच आहे. माझ्या बाजूनं हात पोचत नाही. आत येऊन काढू का?" भटजी नुकतेच अंघोळ करून सोवळ्यात होते. "पिंपळाला कोयती लावतोस? मुंजाचं ठिकाण ते! खबरदार!" जमील हात जोडून गेला. पुढल्या वर्षी तो गवंड्याला घेऊन आला. एका दिवसाचं काम आहे, पण गवंड्याला अंगणात उभं राहावं लागेल, म्हणाला. "इथे पितरांचा स्वयंपाक होतो! गवंडी, मजूर आणि तू, सगळे माझ्या सोवळ्यात नाचणार?" तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी पुन्हा आला, तेव्हा तर भटजींनी मान वर करूनही पाहिलं नव्हतं. कावळा हाकलावा तसा नुसता हात हलवला होता.

आणि हे सगळं ते विसरले होते. खोटं नाही, खरंच विसरले होते. देशमुखांच्या सात पिढ्यांची नावं ज्यांना तोंडपाठ, त्यांना हे आठवलं नाही, कारण ते लक्षात ठेवण्यासारखं आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"ये, ये," भटजी कसेबसे म्हणाले.

ओव्हरसिअरनी जमीलला फैलावर घेतलं. "हे काय करून ठेवलंय? पिंपळ कोवळा होता तेव्हाच उपटला असता तर भिंत वाचली असती. दुरुस्ती का नाही केली?"

जमीलने एकदा भटजींकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, तक्रारही नव्हती. तो नुसता थांबला होता, पुढे काय बोलायचं ते जणू दुसरं कोणी सांगणार होतं.

भटजी उपरणं सारखं करू लागले.

"चुकलं, साहेब," जमील म्हणाला. "टांग्याच्या धंद्यात सवड झाली नाही."

"सवड? इतकी वर्षं सवड नाही? खाली माणसं जेवायला बसतात, मेली असती म्हणजे?"

"साहेब..." भटजी पुढे झाले.

"काय, भटजी?"

सांगायचं होतं हो त्यांना, अगदी ओठांवर आलं होतं. पण साहेबांच्या हातातल्या फायलीत तो अर्ज होता, त्यांच्या सहीचा, मोत्यासारख्या अक्षरातला. "काही नाही," ते म्हणाले. "उन्हातून आलात. सरबत घेता का थोडं?"

ओव्हरसिअर सरबत प्यायले. जमील उभा होता. आठ दिवसांनी नगरपालिका भिंत उतरवील असा हुकूम त्याच्या हातात ठेवून साहेब सायकलवर बसून गेले.

संध्याकाळी गोदावरीबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तीनदा आला होता तो. मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"अर्ज लिहिताना मला विचारलं होतंत?"

उद्या सकाळीच नगरपालिकेत जाऊन खरं ते सांगायचं, असं भटजींनी ठरवलं. सकाळ झाली. मग वाटलं, लेखी खोटं लिहिणारा भट म्हणून गावभर होईल. दुसऱ्या दिवशी यजमान होते. तिसऱ्या दिवशी वाटलं, ओव्हरसिअर घाटावर येऊन बोलले तर? बाकीचे भट टपलेलेच आहेत. असे एकेक करून आठही दिवस गेले. मनात रोज कबुली द्यायचे आणि रोज घाटावरून सरळ घरी यायचे. जेवताना भिंतीकडे पाठ करून बसायचे.

नवव्या दिवशी नगरपालिकेची माणसं पहारी घेऊन आली. त्यांचा मुकादम केरू, सिन्नरकडचा. पिंपळ बघून तो घुटमळला, डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं.

"भटजीबुवा, पिंपळ हाय ह्यो. तोडू का नगं, तुमीच सांगा. आमाला पाप नगं लागाया."

जमील पाच हातांवर उभा होता. भटजींनी जमिनीकडे बघितलं.

"तोड," ते म्हणाले.

पिंपळ दोन घावांत पडला. मग पहारी लागल्या आणि भिंतीचा वरचा अर्धा भाग एकदम अंगणात आला. धुरळा बसला, आणि समोर खातूनबीची खोली उघडी. एक बाज, एक चूल, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि कोपऱ्यात खातूनबी. बोळाच्या दारात बघे जमलेले, मागे मजूर, जायला जागाच नाही. तीस वर्षांत जिचं नख कुणा परपुरुषाला दिसलं नव्हतं, ती म्हातारी कोपऱ्यात तोंड घालून, डोक्यावरून चादर ओढून उभी होती. चादर अपुरी. टाचा दिसत होत्या, भेगाळलेल्या, थरथरणाऱ्या.

मजूरसुद्धा थांबले.

कोणी काही बोलायच्या आत गोदावरीबाई पुढे झाल्या. दांडीवर वाळत घातलेलं सोवळ्याचं लुगडं त्यांनी ओढून काढलं आणि विटांच्या ढिगावरून चढून गेल्या. दोन्ही हातांनी लुगडं पसरून खातूनबीपुढे आडोसा धरला. "बघता काय? पाठ फिरवा!" त्या सगळ्यांवर ओरडल्या. सगळ्यांत पहिली पाठ भटजींनीच फिरवली. आपल्याला तेवढंच करता आलं, हे त्यांना त्या क्षणीच कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भटजी बोळाला वळसा घालून जमीलच्या दाराशी गेले. पाठीला पाठ लावून इतकी वर्षं राहिले, पण या दाराशी ते पहिल्यांदाच येत होते. जमील घोड्याला खरारा करत होता. आत भिंतीच्या जागी पोत्यांचा पडदा शिवून लावला होता, तो वाऱ्याने फुगत होता.

भटजींनी शब्द जुळवून आणले होते. आणि खरं सांगायचं तर रात्रभर त्या शब्दांनी त्यांना थोडं बरंही वाटलं होतं. समोरचा माणूस थोर मनाचा असला की आपली चूक जरा हलकी होते ना!

"जमील, त्या दिवशी साहेबांपुढे तू माझं नाव घेतलं नाहीस. फार मोठं मन आहे तुझं."

जमीलने खरारा थांबवला. तो गोंधळला होता.

"मोठं मन कसलं, भटजी?" तो म्हणाला. "स्टेशनावर तुमचे यजमान माझ्या टांग्यात बसतात. उद्या तुम्ही म्हणालात, त्याच्यात बसू नका, तर ह्या जनावराला मी काय घालू? अम्मानं कुराणाची शपथ घातली होती मला. घर गेलं तरी चालेल, म्हणाली, पण भटजींच्या विरुद्ध तोंड उघडायचं नाही."

भटजींना वाटलं कोणीतरी कानशिलात मारली. ज्याला ते थोरपणा समजून आले होते, ती भीती होती. त्यांची भीती! आपलं नाव ऐकून पलीकडे एक म्हातारी पोराला शपथा घालते, हे त्यांना आज कळत होतं.

"मी आत्ता जातो नगरपालिकेत," ते म्हणाले. "सगळं खरं सांगतो."

"नका, भटजी. परत साहेब येईल, परत मला विचारील, परत मला काहीतरी खोटं सांगावं लागेल."

"मग गवंडी बोलाव. आजच. माझ्या अंगणात उभं राहून बांधू दे भिंत. लागतील तितके दिवस."

जमीलने खरारा खाली ठेवला, हात पुसले आणि ते जोडून सरळ उभा राहिला.

"तुमचा हुकूम आहे, असं सांगू का गवंड्याला?"

टोमणा नव्हता त्यात. गवंड्याला आणून पुन्हा दारातून परत फिरावं लागू नये, म्हणून त्याला फक्त खात्री करून घ्यायची होती. हुकूम नाही रे, मी माफी मागायला आलोय, असं भटजींना म्हणायचं होतं. घाटावर हजार माणसांत ऐकू जाणारा तो आवाज, पण त्यातून एवढंसुद्धा बाहेर येईना.

"हो, सांग," ते म्हणाले, आणि घराकडे निघाले.