बायकोची हनुवटी

निवृत्तीनंतर हेडसरांना समाजसेवेची हुक्की आली. घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर असलेल्या एका इस्पितळात तीन महिने फुकट राबायचं त्यांनी ठरवलं, आणि शेवटी मिळणाऱ्या प्रशस्तिपत्रासाठी बायकोकडून दिवाणखान्यात खिळाही आधीच ठोकून घेतला.

तिथं त्यांच्या भाषणांवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. त्यांची रवानगी लाँड्रीत झाली. तिथल्या मावशींनी फार बोलत न बसता वाळलेल्या चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. पहिली घडी उलटी पडली, दुसरी तिरकी. दिवसाला दोनशे चादरी, आणि आभार मानायला कुणी तयार नाही. मावशी एवढंच म्हणायच्या, "पुढची घ्या." जन्मभर समारंभांत पहिल्या रांगेत बसून आभारप्रदर्शन ऐकलेल्या माणसाला हे फार लागलं.

उलट आभार मानायचे होते ते त्यांनीच. रोज संध्याकाळी कृतज्ञतेच्या वहीत एक ओळ लिहायची असा संस्थेचा नियम होता, आणि प्रशस्तिपत्र ती वही बघूनच मिळे. हेडसरांनी झोकात सुरुवात केली: सूर्योदय, पाखरांची किलबिल, संचालकसाहेबांची दूरदृष्टी. आठवडाभरात निसर्ग संपला. दूरदृष्टी मात्र दर सोमवारी पुरली.

एके सकाळी ते जरा उशिरा पोचले, तर मावशी एकट्याच घड्या घालत होत्या. चादर मधोमध हनुवटीखाली दाबायची, हात लांबवून टोकं जुळवायची, मग हनुवटी उचलायची. हेडसर दारातच थबकले. हे त्यांनी पाहिलं होतं. घरी, गॅलरीत, चौतीस वर्षं, वर्तमानपत्राच्या वरच्या कडेवरून. बायको मान खाली घालून काहीतरी पुटपुटते आहे, असं त्यांना तेव्हा वाटायचं. दुसरं टोक धरायला घरात माणूस नव्हतं असं नाही. होतं, पण ते अग्रलेख वाचत होतं. हेडसरांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

त्या संध्याकाळी त्यांनी वहीत लिहिलं: बायकोची हनुवटी.

संचालकांनी लगेच बोलावून घेतलं. वही पाहुण्यांना दाखवावी लागते, तेव्हा एवढी ओळ खोडा आणि सूर्योदय लिहून टाका, असं त्यांनी गोडीगुलाबीनं सांगितलं. मुलांच्या वह्यांत आयुष्यभर लाल रेघा ओढलेल्या हेडसरांना ही एक ओळ काही खोडवेना. प्रशस्तिपत्र बुडालं.

घरी पोचले तेव्हा बायको गॅलरीत दोरीवरच्या चादरी काढत होती. प्रशस्तिपत्र कुठंय, म्हणून तिनं विचारलं. मिळालं नाही, असं सांगून हेडसरांनी तिच्या हातातल्या चादरीचं एक टोक धरलं.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे. ताण जरा तिकडून."

घडी चक्क सरळ पडली. हेडसर सवयीनं थांबले, कुणीतरी दोन शब्द बोलेल म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं की आज बोलायची पाळी त्यांची आहे. शब्द जुळवेपर्यंत बायकोनं पुढची चादर उचलून हनुवटीखाली दाबलीसुद्धा.

"अगं, मी आहे ना," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. हनुवटी काही तिनं उचलली नाही.