बरोबर आहे तुझं

बाप आणि लेक यांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. बाप साहेबांच्या पक्षाचा. म्हणजे इतका, की साहेब टीव्हीवर खोकले तरी याच्या घशात खवखवायचं. लेक शाळेत शिकवणारी आणि साहेबांविरुद्ध निघालेल्या प्रत्येक मोर्चात पहिल्या रांगेत. सरहद्दीपलीकडून आलेल्या लोकांची छावणी सरकारने बंद केली, तेव्हा बापाने शेजाऱ्यांना चहा पाजला होता आणि लेक छावणीच्या फाटकासमोर रस्त्यात बसली होती. तिच्या वर्गातली निम्मी मुलं त्या छावणीतली होती.

म्हणून ती बिनपगारी रजा काढून बापाकडे राहायला आली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिला जिन्यातच गाठलं.

"राजकारण काढू नकोस गं बाई," त्या म्हणाल्या. "आधीच खाणं सुटलंय त्यांचं. मी दिलेला डबा जसाच्या तसा केरात टाकतात. मी पाहिलंय."

डॉक्टरीणबाईंनी तर काही आडपडदाच ठेवला नाही. "पोटात काही बिघाड नाही. तुमची आई गेल्यापासून त्यांनी खायचं सोडलंय, एवढाच आजार. खाल्लं तर महिना-दोन महिन्यांत जिना उतरतील. नाही खाल्लं तर हा हिवाळा काढायचे नाहीत. नाकातून नळीने अन्न द्यायला ते साफ नकार देतात आणि शुद्धीत असलेल्या माणसावर मला जबरदस्ती करता येत नाही. बघा तुम्ही."

बघा तुम्ही! सांगायला काय जातंय. तिने टीव्ही बंद ठेवला. मोर्चाचा बिल्ला पिशवीत खोल दडवला. सूप केलं, दुधात पाव भिजवला, अंडी मऊ उकडली. लाडीगोडी लावली. बाबांनी तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणारा धिप्पाड माणूस, अंथरुणात उशीच्या अभ्र्याएवढा उरला होता. तिचा जीव टांगणीला लागला.

मग एका दुपारी तिचाच तोल गेला. रस्त्यावरून साहेबांच्या प्रचाराची गाडी भोंगा वाजवत चालली होती आणि हिच्या हातात न खाल्लेला तिसरा वाडगा होता.

"ओरडा!" ती खिडकीकडे बघून म्हणाली. "लोकांची घरं पाडलीत, आता कानही फोडा!"

"कोणाची घरं?" उशीवरून आवाज आला. बाबा कोपरावर रेलून उठले होते. "ती काय त्यांची घरं होती? उद्या कोणीही येऊन तुझ्या दारात पथारी टाकेल, त्यालाही घर म्हणशील का, वकिलीणबाई?"

ती शाळकरी पोर असल्यापासून ते तिला वकिलीणबाई म्हणत. तिने तडकून उत्तर दिलं, त्यांनी तोंड उघडलं आणि चमचा आत गेला. त्यांनी घास गिळला. त्यांना कळलंही नाही. वाडगा संपला तेव्हा दोघं अजून सरहद्दीवरच होती.

तिला एकदम जुनं जेवणाचं टेबल आठवलं. बापलेकीची जुंपली की आई मुकाट्याने वाढत राहायची. भांडताना बाबा किती पाव फस्त करतात याचा त्यांना पत्ता नसायचा. "भांडा, भांडा," आई म्हणायची, "निदान ताटं तरी रिकामी होतात." आई गेल्यावर टेबलावर बाबा एकटे उरले. एकट्याने कोणाशी भांडायचं?

त्या दिवसापासून भाजी चिरता चिरता ती मुद्दे काढू लागली. सकाळी बसचं खासगीकरण, दुपारी छावणी, संध्याकाळी साहेबांचा मेहुणा आणि त्याची कंत्राटं. बाबांच्या गालावर रंग आला. ते भिंत धरून खिडकीपर्यंत गेले. काकू जिन्यात थांबून वरची आरडाओरड ऐकत आणि तोंडावर पदर दाबून हसत.

हसण्यासारखं सगळंच नव्हतं. बाबा जिव्हारी लागेल असं बोलत. एकदा म्हणाले, "ती तुझी छावणीतली पोरं, उपटसुंभ सगळी, गाडीत भरून परत पाठवली पाहिजेत." लेकीच्या पेन्सिली हक्काने मागून नेणारी तिच्या वर्गातली एक मुलगी खरोखरच गाडीत भरून गेली होती. तिचा पत्ता कुणालाही माहीत नव्हता. लेकीला वाडगा भिरकावून द्यावासा वाटत होता. ती खरंखुरं भांडली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत भांडली आणि भांडता भांडता उरलेलं अंडं त्यांना भरवलं.

रविवारी दादाचा फोन आला. हा तिचा मोठा भाऊ, परदेशात. उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत.

"बाबा खातायत?" त्याचा विश्वासच बसेना. "काय जादू केलीस?"

ती ओट्याशी उभी होती, थकलेली आणि खूप दिवसांनी जराशी खुशीत. कुणीतरी आपलं कौतुक करावं असं तिला वाटत होतं.

"जादू कसली, नाटक!" ती म्हणाली. "साहेबांना दोन शिव्या घालायच्या, की तोंड उघडतं. लहान बाळाला काऊ-चिऊ दाखवून भरवतात ना, तसं. मला काय पडलंय रे आता, कोण निवडून येतंय आणि कोण पडतंय!"

दादा खो-खो हसला. तीही हसली. बाबांचं सगळं शरीर थकलं तरी कान शाबूत होते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तळमजल्यावर उभं राहून सातव्या मजल्यावरच्या कप्पीची कुरकुर ओळखणारा माणूस तो. मधे फक्त एक अर्धवट लोटलेलं दार होतं.

दुपारी ती सूप घेऊन आली. "तुमच्या साहेबांनी आज नवीन दिवे लावलेत," तिने सुरुवात केली.

"बरोबर आहे तुझं," बाबा म्हणाले.

"काय?"

"साहेब चोर आहे. छावणी बंद करायला नको होती. बरोबर आहे तुझं. पुढे?"

हे वाक्य ऐकायला तिने उभ्या जन्मात काय दिलं नसतं! आता ते ऐकून तिने घाईघाईने चमचा भरला. चमचा तोंडापाशी नेला, तर ओठ घट्ट मिटलेले. तिने बस काढली, मेहुणा काढला, बाबांच्या जुन्या युनियनमधली भानगड काढली. प्रत्येकाला तेच उत्तर, अगदी सभ्यपणे.

शेवटी तिने वाडगा खाली ठेवला, तेव्हा ते म्हणाले, "संपले काऊ-चिऊ?"

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बाबा, मी दादाशी उगाच बोलले हो. फुशारकी मारली. मी मनापासून भांडत होते. एकेक शब्द खरा होता माझा."

"बरोबर आहे तुझं."

"असं नका ना बोलू!"

त्यांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, "तुझा भाऊ माझ्याशी हो ला हो करतो. डॉक्टरीण गोड बोलते. खालची बाई डबा ठेवून पळते. मला वाटायचं, एक माणूस मला अजून माणूस समजून भांडतंय. जाऊ दे."

त्यानंतर त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. ती ओरडली, रडली, पाया पडली. दादाला फोनवर माफी मागायला लावली. काकूंनी समजावलं. डॉक्टरीणबाई येऊन नाडी बघून गेल्या आणि जाताना दारात त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचा अर्थ तिला कळला.

ती आत आली. बाबांचे डोळे मिटलेले होते. तिने वाडगा मांडीवर घेतला, चमचा भरला. आता तिच्यापाशी एकच गोष्ट उरली होती, आणि ती बोलण्यापेक्षा जीभ झडलेली बरी असं तिला वाटत होतं. पण समोर बाप चालला होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचंच बरोबर होतं. साहेबांचं बरोबर होतं. छावणी बंद केली ते बरंच केलं. ती पोरं... ती पोरं परत पाठवली, ते बरंच झालं."

बाबांनी डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी त्यांत तो जुना विस्तव होता.

"खोटं!" ते म्हणाले. आवाज फाटला होता, पण मान उशीवरून उचलली गेली होती. "तोंडावर खोटं बोलतेस! सगळ्या आयुष्यात तुझं-माझं पटलं नाही, पण तू कधी माझ्याशी..."

ते बोलत होते. तोंड उघडं होतं. आणि तिचा हात, इतक्या दिवसांच्या सवयीने, आपोआप वर गेला.

चमचा ओठांपाशी पोचला तेव्हा बाबा थांबले. त्यांनी चमच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग तोंड मिटून घेतलं आणि कूस बदलली.