परवानगी असलेला माणूस

भूमहून ईटकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खाजगी दूध प्रकल्पात अमरनाथ हत्तरगे संगणक सांभाळायला होता. प्रकल्पाची गावोगाव दूध संकलन केंद्रं होती आणि प्रत्येक केंद्रावर वजनकाट्याला जोडलेला एकेक संगणक. पूर्वी एकदा कुठूनसा व्हायरस शिरला आणि सगळे संगणक एकदम बसले. मग व्यवस्थापनानं पुण्याच्या एका कंपनीकडून पहारा देणारं सॉफ्टवेअर घेतलं. कुठल्या संगणकावर काही संशयास्पद दिसलं, की ते कुणाला न विचारता त्याला बाकीच्यांपासून तोडून टाकायचं. तोडायला माणूस लागत नव्हता, परत जोडायला मात्र लागत होता.

तो माणूस कोण, हे सॉफ्टवेअरमधल्या रोलवर, म्हणजे ज्याला-त्याला दिलेल्या परवानगीवर ठरायचं. कुणी नुसतं बघायचं, कुणी तोडणं-जोडणं करायचं आणि कुणाला काय करता यावं हे एकानं ठरवायचं. शिकवायला आलेल्या पुण्याच्या पोरीनं कामं वाटून द्या म्हणून बजावलं होतं. पण मालकांचा पुतण्या रणधीर, जो सगळा कारभार बघायचा, तो म्हणाला, "कशाला पसारा वाढवायचा? सगळं अमरनाथकडंच राहू द्या." स्वतःच्या नावानं त्यानं सगळ्यात वरचं खातं तेवढं काढून घेतलं. ते त्यानं पुढं कधी उघडलंच नाही.

तेव्हा अमरनाथला बरं वाटलं होतं. आपल्यावाचून इथलं पान हलत नाही, असं त्यानं घरी श्रीदेवीला कौतुकानं सांगितलंही होतं.

मग फोन सुरू झाले. जेवताना फोन, देवळात फोन, न्हाव्याच्या खुर्चीत गालाला साबण लावलेला असताना फोन. कुठं कुणी केंद्राच्या संगणकाला मोबाईल चार्जिंगला लावलेला असायचा, कुठं कुणी गाण्यांचा पेनड्राईव्ह खुपसलेला. सॉफ्टवेअर तोडून मोकळं व्हायचं. जोडायचं बटण दाबायला काय लागतं? पण दाबायच्या आधी चार प्रश्न विचारायचे, काय शिरलंय ते बघायचं, आणि चुकलं तर सगळा प्रकल्प आपल्यापायी बसणार, हे मनात धरूनच बोट टेकवायचं. रात्री त्याचे डोळे मिटलेले असत, झोप म्हणावी अशी नसे. वर्षभरात तो घरच्या, सासरवाडीच्या एकाही कार्यात शेवटपर्यंत बसला नव्हता. श्रीदेवीनं त्याबद्दल बोलणं सोडून दिलं होतं, आणि ते त्याला जास्त लागायचं.

प्रकल्पाच्या कंट्रोल रूममध्ये निकिता नावाची मुलगी बसायची. भूमचीच, डोक्यानं तल्लख. सगळे इशारे तिला पडद्यावर दिसायचे, पण करता काहीच यायचं नाही. दिसलं की अमरनाथला फोन लावायचा, एवढंच तिचं काम. तिला जोडायची परवानगी देऊ, असं अमरनाथनं रणधीरला मागंच सुचवलं होतं. रणधीर बघू म्हणाला. पुन्हा विचारलं, तेव्हाही बघू.

मे महिन्यात अमरनाथच्या वडिलांचं, वीरप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन सोलापूरला ठरलं. अमरनाथनं रजा टाकली. रणधीर म्हणाला की जा खुशाल, फोन तर जवळ असणारच आहे. त्यालाही तामलवाडीला लग्नाला जायचं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, ऐन दूध घ्यायच्या वेळेला निकिताचा फोन आला. ईटचं केंद्र तुटलं होतं. कुणीतरी मोबाईल लावला होता, बाकी काही नाही. पण पावती निघेना, आणि पावतीशिवाय केंद्रप्रमुख बिभीषण दूध घेईना. कॅन घेऊन माणसं उन्हात उभी होती.

अमरनाथचा फोन नवीन होता, आठवड्यापूर्वीच बदललेला. दवाखान्याच्या वायफायवरून त्यानं सॉफ्टवेअर उघडलं आणि जोडायला गेला. तेवढ्यात पडदा पांढरा झाला आणि त्याचंच खातं बंद झाल्याची सूचना आली. अनोळखी फोन, अनोळखी जागा, आणि आल्या आल्या तोडलेला संगणक जोडायची घाई. अमरनाथचं नाव घेऊन चोर आला, असं सॉफ्टवेअरनं धरलं होतं. असं झालं तर खातं गोठवायचं, हा नियम अमरनाथनंच घातलेला होता. त्याला ना हसू आलं ना राग. कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून तो नुसता त्या पडद्याकडं बघत राहिला.

आता रणधीरचं खातं तेवढं उरलं होतं. रणधीर फोन उचलेना. पुष्कळ वेळानं उचलला तर मागं बँड वाजत होता, आणि आपला पासवर्ड काय होता हे त्याला आठवत नव्हतं. पुण्याच्या कंपनीनं सांगितलं की मालकांकडून लेखी आल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. त्यांचंही चूक नव्हतं.

अमरनाथनं निकिताला सांगितलं, की बिभीषणला म्हणावं साध्या काट्यावर मोजून दूध घे, जबाबदारी माझी. थोड्या वेळानं तिचा परत फोन आला. मागं एकदा हातानं मोजून घेतलं म्हणून बिभीषणला रणधीरनं सगळ्यांदेखत झापलं होतं. आता रणधीर स्वतः सांगेल तरच घेईन, असं तो म्हणत होता.

"सर, मी काय करू आता?" निकितानं विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता.

वॉर्डात वडिलांना, आप्पांना स्ट्रेचरवर घेत होते. अमरनाथ फोन कानाला लावूनच आत गेला. आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. मुरूमकडच्या त्यांच्या गावात अर्धं बोलणं कानडीत चालायचं, आणि घाबरले की ते कानडीवरच यायचे.

"साकु," ते म्हणाले. मग शेजारी उभ्या सुनेला, श्रीदेवीला कळावं म्हणून मराठीत म्हणाले, "बास झालं रं. लई दिवस बघतोय मी. जरा इकडं बघ की."

अमरनाथनं निकिताला सांगितलं की रणधीरलाच फोन लावत राहा, आता माझ्याच्यानं काही होणार नाही. फोन बंद करून त्यानं श्रीदेवीच्या पिशवीत टाकला आणि आप्पांचा हात धरून ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत गेला. दार लागल्यावर तो बाकावर बसला. श्रीदेवी शेजारी बसली.

आप्पांचं ऑपरेशन नीट झालं. ईटचं दूध मात्र गेलं. काहींनी कॅन तसेच खव्याच्या भट्टीवर नेले आणि मिळेल त्या भावानं दिले. बाकीचं नासलं ते बांधावर ओतलं. दुपारी कधीतरी रणधीरनं कंपनीला लेखी कळवलं, तेव्हा केंद्र जोडलं गेलं आणि अमरनाथचं खातंही मोकळं झालं.

अमरनाथ कामावर परतला त्या दिवशी रणधीर वाटच बघत होता. ईटची माणसं त्याच्या दारात येऊन बोलून गेली होती आणि तो राग अजून निवला नव्हता. त्यानं पुष्कळ ऐकवलं. अमरनाथनं वाद घातला नाही. रोलचा पडदा उघडून त्यानं मॉनिटर रणधीरकडं वळवला.

"साहेब, इथं सगळीकडं माझं एकट्याचं नाव आहे," तो म्हणाला. "आज बाप आजारी पडला, उद्या मी पडंन. मला ह्यातनं कमी करा. न्हाय तर दुसरा माणूस बघा."

त्याचा आवाज चढला नव्हता. त्यात इतका थकवा होता, की रणधीर बोलता बोलता थांबला. मग त्यानं खुर्ची ओढली आणि काय करायचं ते विचारलं.

अमरनाथनं निकिताला बोलावून आधी तिलाच विचारलं. परवानगी मिळतेय म्हणून ती हुरळली नाही.

"म्हणजे फोन आता माझ्या घरी येणार ना, सर?"

"येणार," अमरनाथ म्हणाला.

"मग मी एकटी न्हाय घेणार. सिद्धेश्वरलाही द्या. एक आठवडा त्याचा, एक माझा."

सिद्धेश्वर दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर होता. त्यालाही दिलं. नियम बदलायचा तर अमरनाथनं सुचवायचा आणि रणधीरनं मंजूर करायचा, असं ठरलं. त्यासाठी रणधीरला त्याचं खातं शेवटी उघडावं लागलं. संगणक बंद पडले तर हातानं दूध घ्यायची मुभा बिभीषणला आणि बाकीच्या केंद्रांनाही लेखी दिली. अमरनाथनं स्वतःकडचं जोडण्याचं काम काढून टाकलं. तुमच्याकडं मग राहिलं काय, असं रणधीरनं विचारलं. नुसतं बघायचं, असं अमरनाथ म्हणाला.

दोनतीन दिवसांनी दुपारी एक केंद्र तुटलं. अमरनाथला ते पडद्यावर दिसलं आणि त्याचा हात सवयीनं माऊसकडं गेला. मग त्यानं तो मागं घेऊन मांडीवर ठेवला. पलीकडं निकिता केंद्राशी फोनवर बोलत होती. ती फारच सावकाश विचारतेय, असं त्याला वाटलं. एक प्रश्न राहिलाय, असंही वाटलं, पण तेवढ्यात तिनं तोच विचारला. तिच्या कपाळावर घाम आला होता. त्याला तिची दया आली, आणि आपलं ओझं तिच्या माथी मारलं की काय, अशी टोचणीही लागली. केंद्र जोडलं गेलं. तिनं त्याच्याकडं न बघता पाण्याची बाटली तोंडाला लावली.

अमरनाथ उठून बाहेर आला. टँकरवाल्यांसाठी लिंबाखाली टाकलेल्या बाजेवर तो जरा टेकला. पाठ टेकली तशी पाय जड झाले, मग खांदे, मग मानही. इतक्या दिवसांचा सगळा शीण एकदम अंगावर आला. चहाला बोलवायला आलेल्या टँकरच्या ड्रायव्हरनं दोन हाका मारल्या आणि मग राहू दे म्हणून तो एकटाच गेला.