मला अंगाला लावू नकोस

मी दादाचा दुसरा शर्ट बोलतोय. पहिला त्याच्यासोबतच गेला. जळून गेला असं नाही म्हणणार मी. तो वितळला आणि दादाच्या पाठीला चिकटला. दवाखान्यात चिमट्याने सोलून काढावा लागला, कातडीसकट. आम्ही एकाच ताग्यातले. किळस आली ना? मला रोज येते, माझीच.

मी पॉलिएस्टरचा. निळा, चकचकीत, सुरकुती न पडणारा. सुती कपडा घाम पितो, मी तो आत कोंडून ठेवतो.

दादा कामाला होता त्या बेकरीत काचेतून गिऱ्हाइकांना भट्टी दिसते, म्हणून मालकाने कारागिरांचे जुने सुती सदरे बंद केले आणि आम्हाला आणलं.

"बघा, कसे नवरदेव दिसताय!"

"नवरदेवाला भट्टीपुढे कोण उभं करतं हो?" दादा म्हणाला. सगळे खो खो हसले.

मग दादाच्या अंगाचे हाल सुरू झाले. काखेत लाल चट्टे, कमरेला घामोळं. ते खाजवून फुटायचं आणि त्याचं पाणी माझ्या शिवणीत वाळून कडक व्हायचं. माझ्या कॉलरने त्याची मान सोलली होती. घरी आला की आई पावडर लावायची.

"आत बनियन कशाला घालतोस? दोन कपड्यांनी जास्त उकडतं. काढून टाक ते," ती एकदा म्हणाली.

मायेनंच म्हणाली बिचारी. पण बनियन सुती होतं. माझ्या आणि त्याच्या कातडीच्या मध्ये तेवढाच एक भला माणूस होता. दादा पाठमोरा असताना भट्टीच्या तोंडातून जाळ बाहेर आला, तेव्हा मध्ये कुणीच नव्हतं.

मी तेव्हा दोरीवर वाळत होतो.

आता दादाचा धाकटा भाऊ माझ्या काखेत नाक खुपसून बसतो. मला धुतलं तरी दादाच्या घामाचा वास जात नाही. आंबट, शिळा, घाणेरडा वास. शी! आणि हा पोरगा तो श्वास भरून घेतो.

काल मालक दारात आला. "दादाच्या जागेवर ये. शर्ट तर घरात आहेच."

आज धाकट्याने मला अंगात घातलं. बटणं लावत होता, तेवढ्यात आई कात्री घेऊन आली. तिने माझ्या खालच्या कडेची चिंधी कापली आणि काडी ओढली. चिंधीची राख झाली नाही. ती आक्रसली, तिचा काळा थेंब झाला, फरशीला चिकटला.

"काढ," आई म्हणाली. "नखाने काढून दाखव."

तो गुडघ्यांवर बसून खरवडत राहिला. थेंब निघेना. नख तुटलं.

"दादाला असं..." एवढंच म्हणाला. मग त्याने माझी बटणं ओढली. दोन तुटून उडाली. एक बाही निघाली. दुसरीत हात घालून तो अजून तसाच बसलाय, नाक परत माझ्या काखेशी.

काढ रे राजा, तीही बाही काढ. मला उशीखाली ठेव. वास घे हवा तेवढा, मी तो सोडणार नाही. पण तुझ्या कातडीला मला लावू नकोस.