सुपाला चिकटलेले अर्थ

मित्रांनो, मी एक जुनं सूप आहे. सोलापुरात, विणकरांच्या वस्तीतल्या एका घराच्या माळ्यावर पडून आहे. धान्य पाखडण्याचं भाग्य माझ्या वाट्याला आलं नाही. विड्या वळणाऱ्या नरसम्माच्या मांडीवर माझा जन्म गेला.

१९७३ साली माझी वीण सैल झाली, तंबाखू गळू लागला. त्याच उन्हाळ्यात नरसम्माची मुलगी अक्कम्मा मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाली. आता वही कशाला, म्हणून आईनं तिच्या वहीची पानं फाडली आणि भिजवून वाटलेल्या मेथीदाण्यांच्या चिकट लगद्यानं माझ्या अंगावर चिकटवली. माझं अंग धड झालं, पण पोरगी ढसाढसा रडली. तिनं पानाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी वाक्प्रचार लिहिले होते आणि मागच्या बाजूला मराठी अर्थ. अर्थ सगळे खाली गेले, माझ्या कामट्यांना चिकटून!

मग तीही विड्या वळायला बसली. पण परीक्षेचा नाद काही सोडला नाही. मला मांडीवर घेऊन पुटपुटायची, "गिव्ह अप म्हंजे नाद सोडणे. रन आउट ऑफ म्हंजे संपून जाणे. वन्स इन अ ब्लू मून म्हंजे क्वचित." घरात सगळी तेलुगू बोलत, माझ्याशी मात्र ती मराठीत बोलायची. मला तेवढीच सोबत होती.

ऑक्टोबरच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी घोडं अडलं. "लुक आफ्टर म्हंजे? मागून बघणे? सांग की! तुला ठावं हाय की!"

अहो, ठाऊक होतं, पण तोंड कुठून आणू? शेवटी तिनं ओलं बोट फिरवून तेवढा कागद सोलला. त्याबरोबर माझी एक कामटीही निघाली.

"सांभाळणे," तिनं वाचलं. मग भोकावर हात ठेवून म्हणाली, "लई दुकलं का रं?"

ती पास झाली. मिरजेला नर्सिंग शिकायला गेली. भोकातून तंबाखू गळतो म्हणून नरसम्मानं नवं सूप आणलं आणि मला वर टाकलं.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीला अक्कम्मा आली. वॉर्डात वीस पेशंट सांभाळते, असं आईला सांगत होती. मी दोन दिवस वाट पाहिली. तिनं वर पाहिलं नाही.

मित्रांनो, इथं फार एकटं वाटतं हो. ज्याच्या आधारानं शिकलात, त्याला कधीतरी खाली काढा, धूळ पुसा. अक्कम्मा भेटली तर तिला एवढंच सांगा, एक अर्थ ती घेऊन गेली. बाकीचे सगळे मी सांभाळून ठेवलेत.