एका सकाळीपुरतं घर

सरकारी योजना गावात आली की ती आधी कोणाच्या ओट्यावर चहा पिते, हे वाचकांना सांगायला नको. एकोणीसशे अठ्ठावन्न साली दोंडाईच्यापासून सात कोसांवरच्या आमच्या आडगावातही ती थेट रुपचंद पंचांच्या ओट्यावर जाऊन बसली.

घर बांधायला सरकार हलक्या व्याजाने कर्ज देणार होतं. अट सोपी होती. राहतं घर पडकं हवं आणि दुसरा निवारा नको. गावाच्या वाट्याला पाच घरं आली होती. पंचांनी दवंडी पिटवायची होती; ती बिचारी राहूनच गेली! चार अर्ज भाऊबंदांत वाटले गेले आणि पाचवा रुपचंदांनी स्वतःचाच भरला. लेकाच्या लग्नाआधी त्यांना माडी चढवायची होती.

अडचण एवढीच, की त्यांचं घर विटांचं, सागवानी खांबांचं. आणि ब्लॉक कचेरीचे साहेब घर पाहायला येणार! मग पंचांनी तोड काढली. त्यांच्या शेतात निंदणीला येणारी धुरपदाबाई, नवरा गेलेली, दोन पोरींना घेऊन नदीकडच्या धाब्याच्या घरात राहायची. मातीच्या छताचं ते घर. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत बसली होती.

"धुरपदा, परवा सकाळी तुनं घर माले दे. सायेब येनार शेतस. तू पोरीसले लिसन मना घर बस."

"ल्या ना भाऊ," ती म्हणाली. कशासाठी, ते तिने विचारलं नाही. पंचाला कोण विचारतं?

त्या सकाळी मळकं धोतर नेसून रुपचंद तिच्या दारात गेले आणि उभेच राहिले. अंगण सारवलेलं. भिंती पांढऱ्या मातीने पोतलेल्या. धाब्यावर नवी खारी माती. मागचं खिंडारही दगडचिखलाने बुजवलेलं!

"हाई काय करी बसनी तू?" रुपचंद ओरडले. "घर पडेल दिसाले जोयजे व्हतं!"

धुरपदाबाई गांगरली. "भाऊ, तुमना पाव्हना येनार. पाव्हनाले पडेल घर कसं दाखाडानं? तुमनी लाज जाती ना! दोन दिन कामवर नही गई, पन बठ्ठं करी टाकं." आणि पाहुण्याच्या चहाला गूळ मागायला ती शेजारी पळाली.

रुपचंदांची बायको भिकुबाई मागून भांडी घेऊन आली होती, पडक्या घरात संसार मांडून दाखवायला. तिने पाटी खाली ठेवली.

"आयकं का? तुमनी लाज राखाकरता ती दोन दिन चिखलमा राबनी. आनि तुमी तिना घरमा बसीसन तिनंच कर्ज लेवाले निंघनात!"

"गप बस. बठ्ठाच करतस, आख्खा गाव करस."

"करू द्या बठ्ठासले. पन तिन्या पोरी पानीमा बठतीन आनि मी माडीवर निजू? माले नही येवाव झोप!"

भिंतीवर धुरपदाबाईच्या बोटांचे ओले ठसे होते. रुपचंद ते मोजल्यासारखे पाहत राहिले, कारण बायकोकडे पाहायची सोय नव्हती.

तेवढ्यात सायकलवरून घामाघूम साहेब आले. घराकडे पाहून हसले. "अहो पंच, हे तर धडधाकट घर! अटीत कसं बसायचं?" आणि नामंजुरी लिहायला पेन काढलं.

गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. अर्ज बाद झाला असता, लाज झाकली असती. पण कागदावर हे घर कायमचं चांगलं ठरलं असतं, धुरपदाबाईला कर्ज कधीच मिळालं नसतं!

"लिहू नका साहेब!" रुपचंद म्हणाले. "हे घर माझं नाही. माझं विटांचं आहे. मी खोटा अर्ज भरला." त्यांनी मागच्या भिंतीला हात टेकला. दगडासकट ओली माती हातात आली. खांबाला नखाने टोकरलं, तर वाळवीचा भुसा गळाला. "वरची माती कालची आहे. घर त्या बाईचं. तिला दुसरा निवारा नाही."

पेनाला टोपण लावत साहेब म्हणाले, "मला हे वर कळवावं लागेल."

"कळवा. बाकीचे चार अर्जही तपासा. दवंडी आजच पिटवतो."

धुरपदाबाई गूळ घेऊन आली. तिच्या नावाने नवा अर्ज भरला, तिने अंगठा उठवला. साहेब चहा पिऊन गेले, तशी ती पंचांच्या पायाशी वाकली.

"भाऊ, बठ्ठा गावमा तुमीच मनी याद ठेवी. सायेबले मना घर लयनात!"

वाकू द्यावं, असं क्षणभर रुपचंदांना वाटलंही. मग ते झटकन मागे सरले.

"नको धुरपदा. सायेबले मी मनाकरताच आनं व्हतं. तुनं कर्ज मी चोरी राहिंतू."

ती उभी राहिली. पदर सारखा केला. रागावली नाही, तेच जड गेलं.

"मंग दवंडी आमनी गल्लीमा पयले पिटा, भाऊ," ती म्हणाली. "वच्छलाबाईनी भित बी पडेल शे."

दवंडीवाल्याच्या मागोमाग रुपचंद त्या दिवशी गल्लीगल्लीतून स्वतः फिरले. मान मात्र वर झाली नाही.

बंधुभगिनींनो, कर्जाला पात्र कोण हे सरकारी कागद ठरवतो. पण तो कागद कोणाच्या दारापर्यंत जाऊ द्यायचा, हे आपणच ठरवतो. गरजवंताला कळूच न देणं, हीसुद्धा चोरीच! आणि ती करणाऱ्यांना आपण रोज राम राम घालतो. कधी कधी तर आरशातही.