बूटकाकांचं नाक

लेकीच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे बूटकाकांना आठवलं तेव्हा त्यांचा हात मनगटापर्यंत एका ओल्या बुटात होता. फोनवर बाबा "बघू, बघू" म्हणून वेळ मारून नेतात, हे ओळखून तिने या वेळी सरळ कागदावरच लिहिलं होतं. बाबा, आता पुरे. मागची खोली रिकामी केलीय. कायमचे या.

यात उत्तर न देण्यासारखं काय होतं? कारण तसं क्षुल्लकच. नात झाली तेव्हा ते लेकीकडे गेले होते. बाळाला मांडीवर घेतलं, तेवढ्यात लेकीच्या सासूबाई उठल्या आणि त्यांनी खिडकी उघडली. बाई वाईट नव्हत्या. कदाचित उकडतही असेल. पण काकांनी बाळ हळूच परत दिलं आणि संध्याकाळच्याच गाडीने ते परतले.

काका कामाला होते ते दुकान समुद्रात बुडी मारणाऱ्यांना भाड्याने साहित्य देणारं. बूट जाड, मऊ रबराचे. त्यांत घाम मुरतो, खारं पाणी मुरतं, आणि खोल पाण्यात गेल्यावर भल्याभल्यांना जे आवरत नाही, तेही शेवटी ओघळून बुटातच उतरतं. काकांनी ते साध्या पाण्यात खळबळून काढायचे, वास घालवणारं औषध घातलेल्या कोमट पाण्यात भिजवायचे, आतली बाजू बाहेर काढून पंख्याखाली टांगायचे. ऊन दाखवायचं नाही, उन्हाने रबर तडकतं. आतून वाळले की सुलटे करून पुन्हा टांगायचे. शेवटी आत पार टोकापर्यंत बोटं घालून बघायचं, आणि मग नाक. नाकाने होकार दिला की बूट फळीवर. अलीकडे बोटं बधिर झाली होती, म्हणून सगळी भिस्त नाकावर.

त्या सकाळी मालकीणबाई एक जोड घेऊन मागच्या बाजूला आल्या. गिऱ्हाइकाने तो पायात घालता घालताच वासामुळे काढून टाकला होता. दमला असाल काका, होतं असं कधी कधी, एवढंच म्हणून त्या गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांनी बुटात नाक खुपसलं. काही नाही. टबाशेजारी आदल्या संध्याकाळचे, न धुतलेले बूट पडले होते. त्यांतला एक उचलून त्यांनी तोंडाला लावला आणि खोल श्वास घेतला. त्यातही काही नाही, रिकामा पेला हुंगावा तसं.

ते स्टुलावर बसले. कामाचं काय, ते जास्त धुण्याने आणि जास्त वाळवण्याने निभावलं असतं. मालकीणबाईंना सांगताही आलं असतं. पण घरी जाताना ते रोज साबणाने हात घासत आणि मनगट हुंगून स्वतःची खात्री करून घेत. म्हणजे गेले कित्येक दिवस ते नुसती हवा हुंगत होते. आता नातीला उचलून घ्यायचं ते कशाच्या भरवशावर?

विचारायचं तर एकच माणूस होता. शेजारच्या खोलीत बुडी मारणाऱ्यांच्या टाक्यांत हवा भरणारा टाकीवाला. काकांच्याच वयाचा, आणि जिभेला हाड नसलेला.

"काय रे, आज बुटानं पाय गिळला की काय कुणाचा?" काकांना दारात बघून तो म्हणाला.

"माझा वास येतो का?"

टाकीवाला हसायला लागला. काही तरी बोलणारही होता, पण काकांच्या तोंडाकडे बघून थांबला. मशीन बंद करून तो जवळ आला. डॉक्टरने तपासावं तसं त्याने त्यांच्या मानेशी, बाहीशी नाक नेलं.

"येतो," तो म्हणाला.

"घाण?"

"घाण नाही. ओल्या रबराचा. पण मुरलाय तो. आंघोळीनं जाणारा नाही आता."

"कधी बोलला नाहीस."

"तू कधी विचारलंस?" मग खालच्या आवाजात, "मला वाटलं, तुला माहीत असेल."

काका आपल्या टबापाशी परतले. परत आलेला जोड त्यांनी पुन्हा धुतला, उलटा केला, टांगला. पाठ भरून आली होती. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ते लिहायला बसले. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं :

'पोरी, मला यायचंय. माझ्या अंगाला ओल्या रबराचा वास येतो आणि तो आता जायचा नाही. मला स्वतःला तो कळत नाही. सासूबाईंना हे आधीच वाचून दाखव. मग काय ते कळव. मी वाईट वाटून घेणार नाही.'

शेवटचं वाक्य खरं आहे का, याचा त्यांनी थोडा विचार केला. मग ते खोडलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीच्या तोंडात पाकीट जरा अडकलं. त्यांनी बोटांनी ते आत ढकललं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला. तरी ते क्षणभर तिथेच उभे राहिले, आणि मग उरलेले बूट टांगायला परत गेले.